छापलेली वेळ वाचणाऱ्याला भलतीच का कळते? : समस्या निवारण

सांगलीच्या पेठेत मी बरीच वर्षे अक्षरजुळणीचे आणि किरकोळ छपाईचे काम करतो. लग्नपत्रिका, संस्थांच्या सभेच्या नोटिसा, उत्सवाचे फलक, दहाव्याच्या चिठ्ठ्या असा सगळा माल माझ्याकडे येतो. शुद्धलेखनाच्या चुका या कामात होतातच आणि त्यांनी सहसा कोणाचे अडत नाही. वेळ चुकीची कळली, तर मात्र माणसे रिकाम्या मांडवात येऊन बसतात आणि बोलणी छापणाऱ्याला खावी लागतात. अशा तक्रारी निस्तरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. बिघाड असतो तो आकड्याच्या मागेपुढे बसलेल्या दोन-तीन शब्दांत आणि त्यांच्या संक्षेपांत.

लक्षणे

मजकूर वाटून झाल्यावर दोन-चार जण तरी फोन करून “म्हणजे नेमके कधी?” असे विचारतात. एकाच पत्रिकेवरून काही पाहुणे सकाळी आणि काही संध्याकाळी येतात. रात्री बाराच्या कार्यक्रमाला कोणीतरी एक दिवस आधी किंवा एक दिवस उशिरा हजर होतो. ध्वनिक्षेपकावरून नोटीस वाचणारा माणूस वेळेपाशी येताच अडखळतो आणि मनाने काहीतरी जुळवून पुढे जातो. अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी खिडकीपाशी ‘पर्यंत’ या शब्दावरून वाद होतो. यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी पुढच्या तपासण्या खाली दिलेल्या क्रमाने कराव्यात, कारण पहिल्या दोन-तीन फुकट आणि मिनिटाभराच्या आहेत आणि निम्म्याहून अधिक प्रकरणे तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली तपासणी: संक्षेप उलगडून मोठ्याने वाचणे

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, हातात घेऊन वेळेचे वाक्य मोठ्याने वाचावे आणि वाचताना प्रत्येक संक्षेपाचा पूर्ण शब्द उच्चारावा. डोळा संक्षेपावरून घसरत पुढे जातो, जिभेला मात्र पूर्ण शब्द म्हणावाच लागतो. म्हणून डोळ्याने चार वेळा तपासूनही न सापडलेली चूक एकदा वाचल्यावर सापडते. ‘दि. १२ तारखेला’ हे वाचले की ‘दिनांक बारा तारखेला’ असे ऐकू येते आणि एकच गोष्ट दोनदा सांगितल्याचे कळते. ‘सकाळी १० वा. ३५ मि. वाजता’ याचे ‘दहा वाजून पस्तीस मिनिटांनी वाजता’ होते. येथे हेही ध्यानात ठेवावे की ‘वा.’ हा एकच संक्षेप दोन कामे करतो: ‘१० वा.’ असे एकटे असेल तर तो ‘वाजता’ असतो आणि पुढे मिनिटे आली की तो ‘वाजून’ होतो. म्हणून ‘१०.३५ वा.’ लिहावे किंवा ‘१० वाजून ३५ मिनिटांनी’ लिहावे. दोन्हींची खिचडी करू नये.

‘सुमारे ११ च्या सुमारास’, ‘ठीक ११ च्या सुमारास’ आणि ‘१० ते ५ वाजेपर्यंत’ हे याच जातीचे नमुने आहेत. ‘ठीक’ आणि ‘सुमारास’ तर एकमेकांचे पाय ओढतात. ‘ते’ लिहिले की ‘पर्यंत’ची गरज उरत नाही, म्हणून ‘सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत’ एवढे पुरते.

दुसरी तपासणी: आकडे, टिंबे आणि ओळ

ही तपासणी भाषेची नसून टंकाची, म्हणजे फॉन्टची आहे, पण तिच्यामुळे होणारा घोटाळा तेवढाच मोठा असतो. तास आणि मिनिटे यांच्यामध्ये अपूर्णविरामाऐवजी (:) विसर्ग (ः) पडलेला नाही ना, हे पाहावे. मराठी कळफलकावर दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण टंक बदलला की विसर्ग मागच्या आकड्याला चिकटतो किंवा त्याच्या जागी पोकळ गोल उमटतो. एकाच पत्रिकेत देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले नसावेत, कारण देवनागरी चार आणि इंग्रजी आठ घाईत एकमेकांसारखे दिसतात आणि चारच्या कार्यक्रमाला लोक आठ वाजता येतात.

टिंबाचा घोळ वेगळाच आहे. ‘२.५ तास’ म्हणजे अडीच तास, आणि ‘२.५० वा.’ म्हणजे तीनला दहा मिनिटे कमी. ज्यांची यादी एक्सेलमधून येते त्यांच्याकडे तर आकड्यांच्या रकान्यात १०.३० टाकल्यावर ते आपोआप १०.३ होते, आणि मग कोणी ते दहा वाजून तीन मिनिटे असे वाचतो. कालावधी सांगायचा असेल तर टिंब टाळून ‘अडीच तास’ असे अक्षरात लिहिणे सर्वांत सुरक्षित. आकडा आणि ‘वा.’ यांची ओळ फुटत असेल, तर वर्डमध्ये त्यांच्यामध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून स्पेस द्यावी. ती जागा न तुटणारी असते.

तिसरी तपासणी: एका संक्षेपाला एकच अर्थ आहे का?

आपल्याकडच्या पत्रिकेत ‘रा. मिरज, ता. मिरज, जि. सांगली’ असा पत्ता असतो, आणि त्याच पत्रिकेत खाली ‘ता. १८ रोजी रा. ८ वा.’ असेही छापलेले असते. वरचा ‘रा.’ म्हणजे राहणार, खालचा म्हणजे रात्री, वरचा ‘ता.’ तालुक्याचा, खालचा तारखेचा. सरावलेला वाचक गोंधळत नाही हे खरे, पण पत्रिका वाचणारा प्रत्येक जण सरावलेला नसतो. या कुटुंबातला सर्वांत घातक संक्षेप ‘सा.’ हा आहे. लिहिणाऱ्याच्या मनात सायंकाळ असते आणि वाचणाऱ्याला त्यात सकाळ दिसते, ‘सा. ७ वा.’ असे छापलेल्या एका सत्यनारायणाच्या प्रसादाला शेजारच्या आजोबांनी सकाळी सातलाच आंघोळ करून दार वाजवल्याचे मला यजमानांनीच सांगितले होते.

उपाय सोपा आहे. तारखेसाठी ‘दि.’, सायंकाळसाठी ‘सायं.’, दुपारसाठी ‘दु.’ आणि वाजतासाठी ‘वा.’ एवढेच संक्षेप ठेवावेत. ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ हे शब्द पूर्ण लिहावेत. मुळात ‘सकाळी’ या तीन अक्षरांचे ‘स.’ करून कोणी किती कागद वाचवला, हे मला अजून कळलेले नाही.

चौथी तपासणी: सव्वा, पाऊण, दीड

ही तपासणी अलीकडे वाढलेल्या तक्रारींसाठी आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली तरुण मुले घरची पत्रिका मोबाइलवर जुळवून आणतात आणि आजीने सांगितलेले ‘पावणेदहा’ १०.४५ असे लिहितात. ‘पावणे’ म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी, म्हणजे पावणेदहा हे ९.४५ होत. ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ हे शब्द मराठीत नाहीत. तिथे दीड आणि अडीच येतात, आणि ‘साडे’ तीनपासून पुढे लागते. नुसते ‘सव्वा वाजता’ म्हटले तर १.१५ आणि ‘पाऊण वाजता’ म्हटले तर १२.४५, कारण सव्वा म्हणजे एक आणि पाव, तर पाऊण म्हणजे एकाला पाव कमी. हे शब्द पुढच्या आकड्याला जोडून लिहावेत: साडेदहा, सव्वाबारा, पावणेतीन. (साडेतीनसाठी पूर्वी ‘औट’ असाही शब्द होता. घटका २४ मिनिटांची असल्यामुळे औटघटकेचे राज्य हिशेबाने अवघे ८४ मिनिटांचे भरते.)

क्रियापदही पाहून घ्यावे. एक, सव्वा आणि दीड ‘वाजला’. दोनपासून पुढे ‘वाजले’. ‘वाजता’ मात्र कोणत्याही आकड्यापुढे तसाच राहतो.

पाचवी तपासणी: ‘वेळ’ हा शब्द आणि त्याला लागणारे प्रत्यय

येथे थोडे सावकाश थांबावे लागते, कारण या चुका कानाला लगेच खटकत नाहीत. ‘वेळ’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो आणि लिंगाबरोबर अर्थ बदलतो. घड्याळातला नेमका क्षण सांगायचा असेल तेव्हा ती वेळ: सभेची वेळ झाली, ठरलेल्या वेळेला या, वेळेवर पोहोचा. लागणारा किंवा जाणारा काळ सांगायचा असेल तेव्हा तो वेळ: फार वेळ लागला, थोड्या वेळाने या. म्हणून ‘सभेचा वेळ सकाळी १० वाजता आहे’ हे वाक्य चुकीचे, आणि ‘थोड्या वेळेत कार्यक्रम सुरू होईल’ हेही चुकीचे. तेथे ‘थोड्या वेळात’ हवे. ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ यांतही फरक आहे. ‘वेळेवर या’ म्हणजे ठरल्या क्षणी या. ‘वेळेत अर्ज द्या’ म्हणजे मुदत संपण्याआधी केव्हाही द्या. मुदतीच्या नोटिशीत ‘वेळेवर’ पडला, तर लोक शेवटच्याच दिवशी येतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही.

‘सकाळी १० वाजेपासून’ हे रूप वर्तमानपत्रांतही दिसते, पण ‘वाजे’ हे रूप ‘पर्यंत’च्या आधी येते, जसे ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’. सुरुवात सांगताना ‘१० वाजल्यापासून’ असे लिहावे. ‘दरम्यान’ला दोन टोके लागतात: ‘११ ते १२ च्या दरम्यान’ बरोबर, ‘११ च्या दरम्यान’ नव्हे, एकच टोक असेल तर ‘सुमारास’. अनेकवचनाचा अनुस्वारही विसरू नये: दोन तासांत, २४ तासांच्या आत, १० मिनिटांनी. शिवाय ‘दोन तासांत’ आणि ‘दोन तासांनी’ हे एकच नव्हेत. दवाखान्याच्या फलकावर ‘रिपोर्ट दोन तासांत मिळेल’ असे असेल तर माणूस अर्ध्या तासाने विचारायला येतो, आणि ‘दोन तासांनी मिळेल’ असे असेल तर जेवून येतो.

सहावी तपासणी: बारा वाजता दिवस कोणता?

सगळ्यात जास्त नुकसान करणारा बिघाड हाच, आणि तो व्याकरण तपासून सापडत नाही. मिरज तालुक्यातल्या एका उपसा सिंचन संस्थेने पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता माझ्याकडून छापून घेतला होता. त्यात एका शेतकऱ्यासमोर ‘सोमवार रात्री १२ ते ४’ आणि दुसऱ्यासमोर ‘मंगळवार रात्री १२ ते ४’ असे होते. पहिल्याने सरळ अर्थ लावला की सोमवारचा दिवस मावळून जी रात्र येते तिच्या बाराला आपली पाळी. दुसरा तलाठी कार्यालयात जाऊन-येऊन कागदांना सरावलेला. त्याने विचार केला की मंगळवार रात्री बाराला सुरू होतो, म्हणजे मंगळवारच्या रात्रीचे बारा हे मंगळवारच्या सुरुवातीचे. परिणामी दोघेही खांद्यावर खोरे टाकून, हातात बॅटरी घेऊन, एकाच रात्री दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, एकाच व्हॉल्व्हपाशी आले. तिथे काय बोलणे झाले ते मी येथे लिहीत नाही; पण दुसऱ्या दिवशी दोघेही तोच तक्ता घेऊन माझ्या दुकानात आले आणि दोघांनीही त्याच ओळींवर बोट ठेवले. तक्त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता.

कारण असे की आपण दोन दिवस एकाच वेळी वापरतो. घड्याळाचा वार मध्यरात्री बाराला बदलतो. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, आणि बोलण्यातली ‘मंगळवारची रात्र’ ही बुधवारची पहाट होईपर्यंत चालू असते. रात्री अकरापर्यंत दोन्ही हिशेब जुळतात, म्हणून ही फट कोणाच्या लक्षात येत नाही. गोकुळाष्टमीच्या जन्मकाळाच्या पत्रिकेतही दरवर्षी हेच होते: कीर्तन रात्री दहाला, जन्म बाराला, आणि तारीख कोणती छापावी यावर मंडळात चर्चा. रेल्वेचे तिकीट काढणाऱ्यांची गत निराळी नाही. गाडी ००.१० ला सुटणार असेल तर तिकिटावर नव्या दिवसाची तारीख असते. ज्याने त्या तारखेच्या दिवसभरात सामान बांधले आणि रात्री मिरज जंक्शन गाठले, त्याची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.

यावरचा माझा उपाय असा. शक्य असेल तिथे ‘रात्री १२’ टाळावे आणि मुदत ‘रात्री ११.५९ पर्यंत’ अशी द्यावी, म्हणजे तारखेबद्दल शंका राहत नाही. टाळता येत नसेल तर दोन्ही वार लिहावेत: ‘सोमवार व मंगळवार यांमधील मध्यरात्री १२ ते पहाटे ४’. पाण्याच्या त्या तक्त्यात मी पुढे हेच केले. ओळ लांब झाली, रकाना रुंद करावा लागला, कागदही आडवा झाला. त्यानंतर त्या तक्त्यावरून माझ्याकडे कोणी आले नाही.

याच तपासणीत इंग्रजीतून आलेल्या एएम आणि पीएम यांच्याकडेही पाहून घ्यावे. त्या संक्षेपांचा मूळ लॅटिन अर्थ मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर असा आहे. त्यामुळे भर बारा या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाही. डिजिटल घड्याळे रूढीने मध्यरात्रीला १२ एएम आणि दुपारला १२ पीएम दाखवतात, आणि भाषांतर करणारा घाईत त्याची उलटापालट करतो. मराठी मजकुरात ‘दुपारी’ किंवा ‘मध्यरात्री’ असा शब्द असताना ही अक्षरे घालू नयेत. ‘सकाळी १० एएम’ हे तर डोक्यावर टोपी असताना दुसरी टोपी घालण्यासारखे आहे, आणि ‘दुपारी १५.४५’ हेही तसेच. चोवीस ताशी वेळ लिहिली तर ‘दुपारी’ काढावे, नाहीतर ३.४५ लिहावे.

पहाट, सकाळ, दुपार यांच्या सीमा काटेकोर नाहीत, हे मान्य करून चालावे. चारला कोणी दुपार म्हणतो, कोणी संध्याकाळ. दोन्ही चालते, कारण दिवसातून उजेडाचे चार एकदाच वाजतात. मात्र उत्तररात्रीच्या तीनला ‘सकाळी ३’ म्हणू नये. तेथे ‘पहाटे’ हाच शब्द आपला आहे.

येथे थांबावे आणि जाणकाराला विचारावे

वरच्या तपासण्या करूनही शंका उरली, तर ती बहुधा भाषेची नसते. तीन ठिकाणी मी स्वतः हात लावत नाही.

पहिले ठिकाण कायद्याची मुदत. बोलताना ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी या, म्हणजे मोजले तर सातच दिवस. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुधा दोन आठवडे, म्हणजे चौदा. घरगुती व्यवहारात हे चालते, नोटिशीत चालत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची नोटीस सांगितलेली आहे, आणि ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस देण्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून द्यावे लागतात. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांत पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावर निवडणूक किंवा लिलाव रद्द होण्याची वेळ येऊ शकते. अशा मजकुरातला एक शब्दही अक्षरजुळणी करणाऱ्याने ‘सुधारू’ नये. संस्थेच्या सचिवांना तो वकिलांकडून तपासून आणायला सांगावे आणि तपासलेल्या प्रतीवर सही घ्यावी.

दुसरे ठिकाण मोठे पुस्तक किंवा स्मरणिका. शंभर पानांत वेळ कधी ‘१०.३० वा.’, कधी ‘साडेदहा वाजता’, कधी ‘१० वा. ३० मि.’ अशी आली असेल, तर ती एकसारखी करणे हे मुद्रितशोधकाचे काम आहे. शोधून-बदलून करायला गेल्यास ‘वा.’च्या जागी ‘वाजता’ घालताना वाक्याच्या शेवटी असलेला ‘हवा.’ हा शब्द ‘हवाजता’ होतो. हा पराक्रम मी एकदा करून बसलो आहे.

तिसरे ठिकाण मुहूर्त. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, सांगली साधारण ७४.५ अंशांवर, एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटे मागे असतो, म्हणून घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे आणि पंचांगात दुसऱ्या गावासाठी दिलेला सूर्योदय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५.२० किंवा २६.१० अशी दिलेली असते, आणि ती चुकीची समजून कोणी १.२० करताना तारीखही बदलून टाकतो. मुहूर्ताचा आकडा कितीही विचित्र दिसला तरी तो आपण दुरुस्त करू नये. मी प्रूफावर तो आकडा, त्याखाली अक्षरांत ‘दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी’ अशी ओळ, आणि त्यापुढे वार व तारीख लिहून यजमानांच्या हाती देतो. ते ती चिठ्ठी गुरुजींना दाखवून आणतात आणि त्यावर त्यांची खूण झाल्यानंतरच यंत्र सुरू होते.